माइकची केबल लाइटलाही चालते का?

‘प्लग तोच तीन पिनचा, मग माइकची केबल डीएमएक्सलाही चालते,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. डीएमएक्स म्हणजे स्टेजवरच्या लाइटना कंट्रोलरकडून आदेश पोचवायची पद्धत. दोन पार लाइट (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे) आणि पाच मीटर अंतर असेल तर बहुतेकदा चालतेही, म्हणून हा समज टिकला.

पण डीएमएक्स हा आवाज नव्हे, डेटा आहे: सेकंदाला 2,50,000 बिट. त्यासाठी 110 ते 120 ओहम इम्पीडन्सची, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला तेवढा विरोध करणारी केबल लागते. माइकच्या केबलचा इम्पीडन्स बराच कमी असतो, त्यामुळे लांब ओळीत सिग्नलच्या कडा बोथट होतात, टोकावरून परावर्तनही होतं. मग नेमका शेवटचा पार मधेच फडफडतो आणि दोष बिचाऱ्या लाइटला लागतो.

मल्टिमीटर हा इम्पीडन्स दाखवत नाही. केबलच्या आवरणावर 110 किंवा 120 ओहम छापलंय का ते बघा. शेवटच्या लाइटच्या आउट सॉकेटमध्ये टर्मिनेटर लावा, म्हणजे पिन 2 आणि 3 मध्ये 120 ओहमचा रेझिस्टर. सगळे लाइट एकाच रंगावर स्थिर ठेवून पाहा. तरीही फडफड राहिली तर एकेक केबल बदला. उलट, डीएमएक्सची केबल माइकला बिनधास्त वापरता येते.