लेनवरचं न दिसणारं तेल

जून-जुलैत समुद्रात उतरायची सोय नसते, त्यामुळे पणजी-म्हापशाकडची पोरं मॉलमधल्या बोलिंगकडे वळतात. तिथे हमखास एकजण कुरकुरतो, "मनगट एवढं फिरवलं, तरी बॉल सरळच गेला रे!" मित्र म्हणतो, अजून जोरात फिरव. सल्ला फुकट असतो आणि फुकटच जातो.

लेन म्हणजे बॉल ज्यावरून पिनांकडे सोडतात ती पट्टी. फाउल लाइनपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नसते ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत ती 60 फूट लांब असते, रुंदी साडेएकेचाळीस इंच. पहिल्या साधारण 40 फुटांवर मशिनने खनिज तेलाचा थर चढवतात. अख्ख्या लेनला मिळून तेल लागतं ते फार तर दोन मोठे चमचे. पुढचा भाग कोरडाच ठेवतात. लेन लाकडाच्या होत्या तेव्हा जड बॉलने लाकूड झिजू नये म्हणून हे तेल आलं. आता लेन सिंथेटिक झाल्या तरी तेल राहिलं, कारण एव्हाना सगळा खेळच त्याच्यावर उभा राहिला होता.

बॉल हातातून सुटतो तेव्हा तो गडगडत नसतो, घसरत असतो. आडवी फिरकी दिलेली असेल तर लेनला टेकलेला त्याचा भाग आडवाही घासतो आणि घर्षण बॉलला बाजूला ढकलू पाहतं. पण तेलावर घर्षणाचा गुणांक 0.04 च्या आसपास, कोरड्या भागात तो 0.2 च्या घरात, म्हणजे पाचपट. म्हणून तेलावर फिरकी जवळपास तशीच शिल्लक राहते आणि तेल संपताच बॉलला पकड मिळून तो वळतो. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या ऑइल-चिखलात घसरणारी स्कूटर पुढच्या कोरड्या डांबरावर एकदम चावते, तसंच हे. घसरणं थांबून बॉल शुद्ध गडगडू लागला की वळणही संपतं आणि तो पुन्हा सरळ जातो.

घर्षण एकसारखं असेल तर घसरणाऱ्या चेंडूची वाट परवलय (पॅराबोला) असते, हे फ्रेंच गणितज्ञ गास्पार कोरिओलिसने 1835 मध्येच बिलियर्ड्सच्या चेंडूबाबत गणिताने दाखवलं होतं. विषुववृत्त ओलांडून येणारे वारे वळून नैर्ऋत्येकडून गोव्यावर येतात ते ज्या परिणामामुळे, त्याला नाव आहे ते याच कोरिओलिसचं.

पण वळवायची एवढी हौस कशाला? स्ट्राइकसाठी, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पाडायला, बॉल पहिल्या (सगळ्यांत पुढच्या) आणि तिच्या उजवीकडच्या तिसऱ्या पिनच्या फटीत साधारण 6 अंशांच्या तिरकेपणाने शिरलेला उत्तम (डावखुऱ्यांसाठी पहिली आणि दुसरी). आता हिशेब करा. अगदी कडेवरून सरळ टाकला तरी 720 इंचांच्या वाटेत बॉल आडवा सरकणार जेमतेम 17 इंच. कोन दीड अंशही भरत नाही. राहिलेला तिरकेपणा वळणातूनच मिळवावा लागतो.

करमणुकीच्या लेनवर मध्ये तेल दाट आणि कडांना विरळ ठेवतात. बाहेर भरकटलेला बॉल कोरड्यात पकड घेऊन आत येतो, आत राहिलेला तेलावरून सरळ जातो. चूक दोन्हीकडून झाकली जाते. स्पर्धांत तेल बरंच सारखं पसरतात, मग मॉलमधले शूर लगेच उघडे पडतात. तेलाची लांबीही महत्त्वाची. खेळाडू त्यातून 31 वजा करतात: तेल 42 फूट असेल तर बॉल कडेपासून अकराव्या फळीच्या आसपास तेलाबाहेर पडावा. लेनची रुंदी अशा 39 उभ्या फळ्यांत मोजतात.

आता त्या कुरकुरणाऱ्या मुलाकडे येऊ. मॉलमधला बॉल असतो पॉलिएस्टरचा, कडक आणि गुळगुळीत. कोरड्या भागातही तो फारशी पकड घेत नाही. मनगट दुखेल, बॉल वळणार नाही. 1990 च्या दशकात रुळलेल्या रिॲक्टिव्ह रेझिनच्या बॉलला सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल शोषतात. त्यात आतला कोर (गाभा) असा घडवलेला असतो की फिरताना बॉलचा अक्ष हळूहळू सरकतो आणि दर फेरीला नवा, कोरडा पट्टा लेनला टेकतो. परत आलेला असा बॉल दिव्याखाली धरा. अंगावर तेलाची बारीक कडी दिसतात, एकमेकांपासून थोडी सरकलेली, एका जागी जवळ येणारी. पुसण्याआधी ती जरूर बघावीत.

महाग बॉल सगळीकडे चालतो असं मात्र नाही. तेल कमी असलं की तो लवकर वळतो, वाटेतच जोर घालवतो आणि पिनांवर मऊ आदळतो. कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला कसलेले खेळाडूही मुकाट्याने पॉलिएस्टरचा बॉल उचलतात, कारण त्याला तेलाचं सोयरसुतक नसतं.

शिवाय लेन खेळता खेळता बदलते. रेझिनचे बॉल तेल पितात, पॉलिएस्टरचे ते पुढे कोरड्यात ओढत नेतात. तासाभरापूर्वी बरोबर असलेली जागा आता चुकते. उजव्या हाताचा बॉल डावीकडे जास्त वळू लागला तर पावलं डावीकडे सरकवायची, हा साधा उपाय. तेल पिणाऱ्या बॉलना अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने 2020 पासून मर्यादाही घातली.

स्वतःचा बॉल घेतलाच तर खेळून झाल्यावर लगेच पुसा, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेने त्याला तडे जातात.