पूररेषेवरची शाळा: बडोद्यातल्या सरकारी मदतीची पार्श्वभूमी

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठाजवळच्या एका प्राथमिक शाळेत आमच्या वहिनी शिकवतात. २०२४ चा पूर ओसरल्यावर त्यांच्याबरोबर मीही चिखल उपसायला गेलो होतो. दुसरीच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कडेला एक मातकट रेघ उमटली होती. तिच्याखाली दोन-अडीच फुटांवर आणखी एक, फिकट, दोनदा रंग मारूनही न गेलेली. वरची ताजी, खालची २०१९ ची. शाळा परत भरू लागल्यावर पोरं त्या रेघांना पाठ टेकवून उंची मोजायला लागली. ‘मी जुन्या पुराएवढा झालो,’ असं एक जण सगळ्यांना सांगत फिरत होता.

बाकं, कपाटं, पंखे यांची यादी झाली आणि ती पंचनाम्यात गेली. जनरल रजिस्टरांचं काय करायचं, हे मात्र कुणाला कळेना. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाचा जी.आर. नंबर, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख असं सगळं त्यात असतं, आणि दाखला द्यायचा तो त्यावरूनच. त्यातलं एक रजिस्टर तर जवळच्याच एका मराठी शाळेचं. ती शाळा बंद पडल्यावर तिचं दप्तर इकडे आलं होतं. भिजून ते पावाच्या लादीसारखं फुगलं होतं. वीज नव्हती, त्यामुळे पंख्याखाली ठेवायची सोय नाही. आम्ही पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालत बसलो. दौतीच्या शाईने लिहिलेली जुनी पानं निळीत बुचकळून काढल्यासारखी झाली होती, बॉलपेनच्या नोंदी मात्र शाबूत. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळेत आलेल्यांच्या जन्मतारखा धुऊन गेल्या आणि त्यांच्या नातवंडांच्या राहिल्या. नुकसानीच्या तक्त्यात या रजिस्टरांपुढे शेवटी एक शब्द लिहिला गेला, ‘स्टेशनरी’.

तो लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या तक्त्यात दुसरा रकानाच नव्हता. रकाना का नव्हता, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

आधी नदीचं. विश्वामित्री पावागडावरून येते, शहराच्या मधून वळणं घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात उतरतं. एरवी ती नदी आहे हेही पुलावरून जाणाऱ्याला जाणवत नाही. तिच्यातल्या मगरींचीच चर्चा जास्त. शहराच्या पूर्वेला आजवा. सयाजीराव गायकवाडांनी (तिसरे) १८९० च्या सुमारास शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून बांधून घेतलेला हा तलाव. त्याचे ६२ दरवाजे बडोद्यात म्हणीसारखे झाले आहेत. पावसाळ्यात कुणीही कुणालाही विचारतो, ‘आजवाची लेव्हल किती?’ वरून आजवाचं पाणी, खालून फुगलेली ढाढर आणि मध्ये शहरावर पडणारा पाऊस, हे तिन्ही एका वेळी जुळून आलं की काळ्या घोड्याच्या पुलाखाली पाणी चढतं.

जुन्या शहराला याची जाण होती. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार ही वस्ती नदीपासून अंतर राखून आहे. पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या कांशी होत्या: भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस. ‘कांस’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला समजावून सांगावा लागतो. नाला म्हणावं तर ती स्वच्छ असायची, ओढा म्हणावं तर माणसाने खोदलेली. पुढे सोसायट्या झाल्या, कांशींवर स्लॅब पडले, काही ठिकाणी तर कांस फक्त नकाशावर उरली. वस्ती नदीकडे सरकली आणि वस्तीमागून शाळाही सरकली. ती चूक शाळेची नाही, मुलं जिथे तिथे शाळा असणारच.

३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस झाला. एका पोलीस अधिकाऱ्याने तान्ह्या मुलीला टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून नेलं, तो फोटो देशभर गेला आणि सगळ्यांना वसुदेव आठवला. २०२४ चा पाऊस तर गोकुळाष्टमीलाच आला, २६ ऑगस्टला. पाणी ३७ फुटांपर्यंत चढलं, धोक्याच्या खुणेच्या दहा फुटांहून वर. हे सगळं ज्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्यामुळे झालं, तो गुजरातवरून सरकत कच्छमार्गे समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं १९७६ नंतर प्रथमच घडलं. वादळ समुद्रात होतं आणि किनाऱ्यावर येऊन पूर आणतं, ही आपली पाठ केलेली गोष्ट. इथे पूर आधी आला आणि वादळाला नाव नंतर मिळालं. तोपर्यंत आम्ही गाद्या वाळत घालत होतो.

आता मदतीचं. पुरानंतर सरकार जे वाटतं, त्याचं मूळ दुष्काळात आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी ‘फॅमिन कोड’ तयार केलं: कामावर येईल त्याला मजुरी, काम करू न शकणाऱ्याला फुकट शिधा, शेतकऱ्याला तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज. माणूस जगला पाहिजे आणि पुढच्या हंगामाला शेत पेरलं गेलं पाहिजे, एवढाच हिशेब. आजही गुजरातेत पूरग्रस्ताला रोज मिळणाऱ्या पैशाला ‘कॅश डोल’ म्हणतात. तो शब्द दुष्काळी छावणीतूनच चालत आलेला आहे.

बडोदे संस्थानाने दुष्काळाचा मार जबर खाल्ला. छप्पनियाच्या दुष्काळाने (१८९९-१९००) आणि त्या दशकातल्या रोगराईने संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या सुमारे २४ लाखांवरून १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. पाचातला जवळजवळ एक माणूस कमी झाला. महसूल आटला असणार हे सांगायला नको. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या गावांत सुरू केला होता. तो त्यांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानाला लागू केला, म्हणजे या तडाख्यानंतर पुरती सात वर्षंही उलटली नव्हती. आमच्याकडे महाराजांचं कौतुक जरा जास्तच होतं, हे मान्य. पण संकटातून उठताना तिजोरीचा पैसा आधी कुठे घालायचा, या प्रश्नाला ‘शाळेत’ असं उत्तर देणारा कारभार या शहराने पाहिलेला आहे, आणि त्याची आठवण काढण्यात गैर काही नाही.

१९२७ च्या जुलैमध्ये गुजरातेत प्रलय म्हणावा असा पूर आला. वल्लभभाई पटेल तेव्हा अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी स्वयंसेवकांची फळी उभी केली आणि सरकारकडून सुमारे एक कोटी रुपयांची मदत मिळवली. पूरग्रस्तांसाठी सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम मागून घेता येते, हे गुजरातने तेव्हा पाहिलं. बडोदे संस्थानाची तिजोरी मात्र वेगळी होती. १९४९ मध्ये विलीनीकरण झाल्यावर बडोदेकरही मुंबई राज्याच्या रांगेत उभे राहिले आणि १९६० पासून गुजरातच्या.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं केंद्राचा वित्त आयोग राज्यांना आपत्तीसाठी थोडी रक्कम बाजूला काढून देत असे. १९९० पासून आपत्ती सहाय्य निधी आला, त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचे तीन हिस्से आणि राज्याचा एक. खरा बदल २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने घडवला. दोन आठवड्यांत गुजरातने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं, २००३ मध्ये त्याचा कायदा केला, आणि २००५ च्या शेवटी केंद्राचा कायदा आला. भूकंपात पडलेली शाळा नव्याने बांधायला लागते, हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही, कारण ती जमीनदोस्तच झालेली होती.

पुराचं तसं नसतं. पुरात शाळा उभीच असते. पाणी उतरलं, चिखल काढला, रंग दिला की फोटोत ती आधीसारखीच दिसते. मदतीचे निकषही त्याच नजरेने लिहिलेले. केंद्राच्या २०१५ च्या निकषांत प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला दर इमारतीमागे दीड लाखापर्यंत रक्कम होती. होतं तसं करून द्या, असा त्याचा अर्थ. होतं तसं केलं की जोतं त्याच उंचीवर, वायरिंग त्याच उंचीवर आणि कपाटही तिथेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्तीच्या पैशाची वेगळी वाटणी केली: २० टक्के आपत्तीचा धोका आधीच कमी करायला, ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला आणि १० टक्के पूर्वतयारीला. फॅमिन कोडनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी पुनर्बांधणीला स्वतःचा रकाना मिळाला. कागदावर मिळाला, असं तूर्त म्हणू.

२०२४ मध्ये शहरात लोकांचा संताप इतका होता की मदत लवकर जाहीर झाली. कॅश डोल माणशी रोज १०० रुपये, मुलांना ६०. घरवखरी (घरातलं सामानसुमान) म्हणून कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५००. व्यापाऱ्यांसाठी वेगळं पॅकेज: लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, ५,०००, चाळीस चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला (टपरीला) २०,०००, त्याहून मोठ्या केबिनला ४०,०००, पक्क्या दुकानाला ८५,०००, आणि मोठी उलाढाल असलेल्यांना कर्जाच्या व्याजात सवलत. हा तक्ता मी वाईट म्हणणार नाही. लारीवाला सरकारी कागदावर दिसला, तेही त्याच्या लारीच्या किमतीसकट, हे आमच्या वडिलांच्या पिढीला खरं वाटलं नसतं. नदीसाठीही समिती नेमली गेली, १,२०० कोटींच्या योजनेची घोषणा झाली आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र रुंद करून गाळ काढायला सुरुवात झाली.

शाळेकडून मात्र त्याच दिवसांत तीन कामं एकदम मागितली गेली. नदीपासून लांबच्या, कोरड्या राहिलेल्या शाळांत लोकांना आसरा द्यायचा होता, म्हणून तिथले वर्ग बंद. भिजलेल्या शाळा चिखलाने बंद. आणि नुकसानीच्या सर्वेला माणसं हवीत म्हणून शिक्षक घरोघर. वहिनी सकाळी दुसऱ्यांच्या घरच्या भिजलेल्या गाद्या मोजत आणि दुपारी येऊन स्वतःच्या वर्गाची फरशी खरवडत. वर्गात मुलं आली ती वह्या-पुस्तकांशिवाय. गणपती ७ सप्टेंबरला बसायचे होते, तर शेजारच्या मंडळाने त्या वर्षीची रोषणाई रद्द करून दप्तरं आणली. त्या खर्चाला कुठलाच रकाना लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा रंगवली. रंगारी भिंत घासायला लागला, तेव्हा वहिनींनी त्याला थांबवून वरच्या रेघेवर एक खिळा ठोकून घेतला. जनरल रजिस्टरांचं कपाट आता त्या खिळ्याच्या वर भिंतीला बसवलं आहे. दाखला काढायला आलेल्या माणसालाच पुढे होऊन स्टूल धरावं लागतं.