भिंतभर फोटोसाठी किती पिक्सेल लागतात?

मोठी प्रिंट काढायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, ‘फाइल ३०० डीपीआयची हवी’, म्हणजे इंचाला ३०० बिंदू. हा आकडा येतो कुठून, ते पाहू. दोन बिंदूंमधलं अंतर डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करत असेल, तर निरोगी डोळ्याला ते जेमतेम वेगळे दिसतात. फोटो हातात धरून ३० सेंटिमीटरवरून पाहिला, तर कागदावर हे अंतर ०.०९ मिलिमीटरहून किंचित कमी भरतं. म्हणजे इंचात सुमारे २९० बिंदू. पण भिंतीवरचा फोटो आपण मागे सरकून पाहतो. मीटरभर अंतरावर तोच कोन ०.२९ मिलिमीटर व्यापतो आणि इंचाला ८८ पिक्सेल पुरतात.

२४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ६००० × ४००० पिक्सेलची असते. ३००च्या हिशेबाने तिची प्रिंट २० × १३ इंचांवर थांबते. मीटरभरावरून पाहायची असेल, तर तीच फाइल ६० × ४० इंचांनाही पुरते. तिथे इंचाला १०० पिक्सेल मिळतात. गर्दीचा किंवा बारीक नक्षीचा फोटो असेल, तर मात्र थोडं लहान माप धरावं, कारण असा फोटो बघायला माणूस हमखास जवळ जातो.

फाइलमधला डीपीआयचा आकडा ७२चा ३०० केला आणि पिक्सेल तेवढेच राहिले, तर काहीच साधत नाही. ती फक्त मापाची नोंद असते.

मला पिक्सेलपेक्षा छटांची काळजी जास्त वाटते. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइल प्रकारात, लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. संध्याकाळच्या आकाशात उजेड अगदी हळूहळू उतरतो. एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट जोरात ताणला की या पायऱ्या एकमेकींपासून लांब जातात आणि मोठ्या कागदावर आकाशात पट्टे उमटतात. शिवाय जेपेग फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून आकार कमी करतं. इंचाला १०० पिक्सेल असतील, तर असा एक चौकोन २ मिलिमीटरचा होतो. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये गालावर, धुक्यात हे चौकोन उघड दिसतात. म्हणून मेसेजमधून आलेली प्रत प्रिंटला देऊ नये, मूळ फाइलच मागून घ्यावी. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल असेल तर उत्तमच: प्रत्येक रंगाला कितीतरी जास्त पायऱ्या देणाऱ्या १६ बिटमध्ये काम करावं आणि टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात साठवावं.

शार्पनिंग शेवटी, अंतिम माप ठरल्यावरच. शार्पनिंग म्हणजे कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद रेघ चढवणं. आधीच ते उरकून फोटो मोठा केला, तर त्या रेघाही रुंदावतात आणि पापण्यांभोवती पांढरी किनार दिसू लागते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या कागदावर शाई किंचित पसरते, तिथे शार्पनिंग थोडं जास्त लागतं.

प्रिंट काळपट आल्याची तक्रार बहुतेक वेळा स्क्रीनपाशी सुटते. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद पडलेला उजेडच परत करतो. एडिटिंगच्या वेळी स्क्रीनची उजळता १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणली, की अंदाज चुकत नाही. रंगांसाठी प्रिंट काढणाऱ्या लॅबकडून त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज पाहावा. लॅब काहीच सांगत नसेल, तर एसआरजीबी हा सर्वत्र चालणारा रंगसंच ठेवावा.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी अंतिम मापाच्या फाइलमधून चेहरा, सावली आणि आकाश येईल असा तुकडा कापून त्याच कागदावर छापून घ्यावा. शाई वाळू द्यावी, मग जिथे फोटो लागणार त्या भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली तो तपासावा.