काळ्या प्रायमरवर पांढरा रंग: झाकणं म्हणजे नेमकं काय?

मिनिएचर मॉडेल रंगवायला शिकणाऱ्याच्या कानावर दोन सल्ले हमखास पडतात. पहिला: काळ्या प्रायमरवर (रंगाआधी मारायच्या तळाच्या थरावर) पांढरा-पिवळा चढत नाही, उजळ रंग हवे तर प्रायमरही पांढराच घ्या. दुसरा: काळ्यावर आधी करडा मारा, म्हणजे पांढऱ्याचे हात वाचतात. पहिला सल्ला अर्धाच खरा आहे. दुसरा उपयोगाचा आहे, पण त्याचं जे कारण सांगतात ते चुकीचं आहे. हे समजायला रंग ‘झाकतो’ म्हणजे काय करतो, ते पाहावं लागतं.

काळा प्रायमर वापरण्यामागे ठोस कारण आहे. 28 मिलिमीटर उंचीच्या आकृतीवर खोलीतला प्रकाश पुरेशा सावल्या पाडत नाही. कपड्यांच्या चुण्या, पट्ट्यांखालच्या फटी, बगला इथे ब्रश पोचला नाही आणि काळा तसाच राहिला, तर तो सावलीसारखा दिसतो. पांढऱ्या प्रायमरवर हीच सुटलेली जागा लांबून डोळ्यात भरते. त्यामुळे काळ्यावर उजळ रंग चढवण्याची खटपट सार्थ आहे.

आता मुख्य गोष्ट. सुकलेला ॲक्रिलिक रंग म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पातळ चादर आणि तिच्यात अडकलेले रंगद्रव्याचे बारीक कण. पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड हा खरं तर जवळजवळ रंगहीन पदार्थ आहे. त्याचा एखादा मोठा, शुद्ध स्फटिक घेतला तर त्यातून आरपार दिसतं. मग थर पांढरा का दिसतो? कारण प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्याचा काही भाग परत फिरतो आणि उरलेला वाकतो. किती फिरेल, हे दोन्ही माध्यमांच्या अपवर्तनांकांतल्या (माध्यम प्रकाश किती वाकवतं त्याच्या आकड्यांतल्या) फरकावर ठरतं. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे 1.5 आहे आणि रुटाइल या रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे 2.7. फरकाला बेरजेने भागून वर्ग केला, की सरळ पडलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परततो ते मिळतं: इथे सुमारे 8 टक्के. खडूच्या भुकटीचा अपवर्तनांक 1.6 धरला, तर ॲक्रिलिकमध्ये हाच आकडा 0.1 टक्का येतो. म्हणजे खडू आणि टायटॅनियम यांत ऐंशी पटींच्या आसपास अंतर आहे. एका थरात असे असंख्य कण असतात. प्रकाश एकावरून दुसऱ्यावर आपटत, वळत, बराचसा काळ्यापर्यंत न पोचताच माघारी येतो. पांढऱ्याचं झाकणं ते एवढंच.

कणांचा आकारही इथे निर्णायक ठरतो. दृश्य प्रकाश सर्वांत जोरात विखुरण्यासाठी कण 0.2 ते 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतात, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास निम्मे. त्याहून फार लहान झाले की विखुरणं झपाट्याने घसरतं. म्हणून कुठल्याही बाटलीवर ‘नॅनो’ कणांमुळे जास्त झाकतो असा दावा दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. काही दशांश मायक्रॉनऐवजी काही शतांश मायक्रॉनचे टायटॅनियमचे कण सनस्क्रीनमध्ये घालतात, ते त्वचेवर पांढरेपणा कमी दिसावा म्हणूनच. झाकण्याच्या कामात नॅनो ही उणी बाजू आहे. ‘एका हातात पूर्ण झाकतो’ ही जाहिरातही पांढऱ्याच्या बाबतीत तशीच फुगवलेली असते. का, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

पाउल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी 1931 मध्ये रंगाच्या थरासाठी गणित मांडलं. त्यात थर प्रकाश किती विखुरतो आणि किती शोषतो, या दोनच गोष्टी मोजायच्या. पांढरा जवळजवळ शोषतच नाही, म्हणून त्याचं सूत्र साधं होतं. समजा, ठार काळ्यावर पांढऱ्याचा एक पातळ हात 40 टक्के प्रकाश परत पाठवतो. दोन हातांनी 80 होत नाही, 57 होतं. तीन हातांनी 67, चारांनी 73, सहांनी 80. प्रत्येक नवा हात आधीच्यापेक्षा कमी कमाई करून देतो, कारण वरच्या थरातून खाली उतरलेल्या प्रकाशाला परत येतानाही तोच थर ओलांडावा लागतो. ‘चार हात मारले तरी करडंच दिसतंय’ ही तक्रार या गणिताचंच फळ आहे.

करड्याचं तसं नाही. त्यात थोडा काळा मिसळलेला असतो आणि काळा शोषतो. पुरेसा जाड थर दिल्यावर 50 टक्के प्रकाश परत पाठवणारा करडा घ्या, विखुरण्याची ताकद पांढऱ्याइतकीच धरा. काळ्यावर त्याच्या दोन हातांनी 45 टक्के गाठले जातात, तिसऱ्याने 48. म्हणजे तीन हातांत तो आपल्या मर्यादेपाशी पोचतो आणि तिथे थांबतो. यापुढे थर कुठे थोडा जाड, कुठे थोडा पातळ राहिला तरी फरक दिसत नाही. शोषण हे झाकण्याचं दुसरं हत्यार आहे आणि पांढऱ्याकडे नेमकं तेच नाही.

आता ‘हात वाचतात’ हे तपासू. काळ्यावर थेट पांढऱ्याचे तीन हात: 67 टक्के. करड्याचे दोन आणि वर पांढऱ्याचा एक, म्हणजे तितकेच तीन हात: 60 टक्के. करड्याने उजळपणा वाढला नाही, उलट थोडा घटला! मग फायदा कशात? सारखेपणात. ब्रशने दिलेला थर कधीच एकसारखा नसतो. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडांवरून मागे सरकतो आणि खोलगट जागी साचतो. एकाच हातात कडेला निम्मी जाडी आणि फटीत दीडपट जाडी असू शकते. थेट काळ्यावर या दोन जागा 25 आणि 50 टक्के दिसतील, एक दुसरीच्या दुप्पट. पूर्ण झाकलेल्या 50 टक्के करड्यावर त्याच जागा 57 आणि 67 टक्के दिसतील. उजळपणा थोडा कमी असला तर डोळा तो सहज पचवतो, पण डाग लगेच पकडतो. करड्याची खरी किंमत ही आहे, म्हणून करड्याने काळा अर्धवटच झाकलेला असताना घाईने पांढऱ्याकडे वळणं व्यर्थ आहे.

प्रत्यक्ष कामात पांढऱ्याच्या 20 थेंबांत काळ्याचा 1 थेंब घालून करडा करायला सुरुवात करावी. काळं रंगद्रव्य फार जोरकस असतं, थेंब नेहमी पांढऱ्यात काळ्याचा टाकावा, उलट नाही. दोन भाग रंगाला एक भाग पाणी, आणि हात गुळगुळीत बसत नसेल तर एकास एक. निम्म्या पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेलं पारदर्शक ॲक्रिलिक) घेतलं तर रंग फटीत कमी ओघळतो. ब्रशमधलं जास्तीचं पाणी टिशूवर टिपून मगच मॉडेलला लावावं, आणि ब्रश सावलीकडून उजेडाच्या दिशेला ओढावा, कारण हात जिथे संपतो तिथे रंगद्रव्य जास्त उतरतं. दोन हातांमध्ये 10 ते 15 मिनिटं जाऊ द्यावी. अर्धवट सुकलेला थर ब्रशने उचलला जातो आणि खालचा काळा फाटक्या कडांचा उघडा पडतो. त्या जागी लगेच पुन्हा रंग लावला की आणखी उचलला जातो. पूर्ण सुकू देणं एवढाच उपाय. एअरब्रश असेल तर करडा वरून 45 अंशांच्या कोनातून फवारावा, म्हणजे खालच्या बाजूचा काळा आपोआप राखला जातो.

थर ओला असताना झाकणाचा अंदाज बांधू नये. ॲक्रिलिकचे पाण्यातले थेंब स्वतःच दुधाळ दिसतात आणि सुकताना पारदर्शक होतात, त्यामुळे बरेच रंग सुकल्यावर गडद उतरतात.

काळ्यावरचा पातळ पांढरा निळसर का दिसतो, हाही नेहमीचा प्रश्न आहे. अपुऱ्या थरात आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो आणि लांब तरंगलांबीचा जास्त खाली उतरून काळ्यात गडप होतो. थंड सावली हवी असेल तर हे वापरून घ्यावं. नको असेल तर पांढऱ्याच्या दहा थेंबांत पिवळ्या ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) एक थेंब टाकावा. ऑकरमधला लोहाचा ऑक्साइड निळा शोषतो, शिवाय रंगाला झाकायलाही मदत करतो. बहुतेक कपड्यांसाठी हा मळकट पांढराच शेवटचा रंग ठेवावा, असं माझं ठाम मत आहे; शुद्ध पांढरा फक्त वरच्या कडांसाठी.

पिवळ्याचं दुखणं वेगळं. आजच्या बऱ्याच उजळ पिवळ्या सेंद्रिय रंगद्रव्यांचा अपवर्तनांक बाइंडरच्या (कण धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या) फारसा वर नसतो. ती निळा शोषतात, पण लाल-हिरवा परत पाठवायला खाली काहीतरी उजळ लागतं. काळ्यावर ते नसतं, म्हणून शेवाळी छटा येते. इथे क्रम असा: तपकिरी, मग पिवळा ऑकर दोन हात, मग ऑकर आणि पांढऱ्याचं फिकट मिश्रण, शेवटी पिवळा एक-दोन हात. ऊबदार पिवळा हवा असेल तर फिकट मिश्रणाऐवजी फिकट गुलाबी घ्यावा: त्यातला निळा भाग पिवळा शोषून घेतो आणि लालसरपणा उरतो.

शेवटी खडूसारख्या खरखरीत पांढऱ्याबद्दल. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून थोडी जास्त, म्हणून तो बाटलीच्या तळाशी बसतो. न हलवता काढलेला तळाचा गोळा किंवा पॅलेटवर अर्धा सुकलेला रंग यांत कण जास्त आणि बाइंडर कमी असतो. सुकल्यावर कणांमध्ये हवेची पोकळी राहते. हवेचा अपवर्तनांक 1, म्हणून प्रकाश आणखी जोरात विखुरतो आणि थर छान झाकल्यासारखा वाटतो. वॉर्निश लावलं की ती पोकळी भरते आणि कापड भिजल्यावर गडद होतं तसा खालचा काळा पुन्हा डोकावतो. मॉडेलवर धूळ दाखवायला वापरलेली खडूची भुकटी वॉर्निशखाली गायब होते ती याच कारणाने. म्हणून बाटलीत स्टीलची गोळी टाकून निदान एक मिनिट हलवावी, आणि ड्रायब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने) चढवलेल्या पांढऱ्यावर वॉर्निश लावायचं असेल तर आधी मॉडेलच्या तळावर, नजरेआड, करून पाहावं.