मोहरी नाकात चढते ती कशी?

फोडणीत मोहरी तडतडली की तिचा तिखटपणा तेलात उतरतो, असं आपण बहुतेक सगळेच धरून चालतो. मीही धरलं होतं. मग एकदा भोपळ्याच्या भरिताला मोहरी फेसायची होती आणि वेळ नव्हता, म्हणून कढल्यातली तडतडलेली मोहरीच खलात घेऊन वाटली. दही, मीठ, चिमूटभर साखर, सगळं जिथल्या तिथे. पण भरीत मुकं! नाकाला झोंबणारा झणका कुठेच नव्हता.

मोहरीचा एक कच्चा दाणा जिभेवर ठेवून पाहा. काही होत नाही. चावा, आधी थोडा कडवटपणा येईल आणि काही क्षणांनी नाकात मुंगी चावेल. हा उशीर महत्त्वाचा आहे. तिखटपणा दाण्यात तयार नसतो, तो तुमच्या तोंडात तयार होतो.

दाण्यात दोन वस्तू वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या असतात. एक सिनिग्रिन आणि त्याची भावंडं: गंधक असलेले, बिनवासाचे, कडवट रेणू. दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. दाणा चिरडला की भिंती फुटतात, पण कोरडी पूड फारशी झोंबत नाही, कारण या अभिक्रियेला पाणी लागतं. पाण्याचे चार थेंब पडले की मायरोसिनेज सिनिग्रिनला चिकटलेलं ग्लुकोज छाटून टाकतं. उरलेला रेणू अस्थिर असतो. तो सल्फेट सोडून देतो, आतल्या अणूंची जागा बदलते आणि तयार होतं अलाइल आयसोथायोसायनेट. नाव लांबलचक आहे, पण त्यातला कामाचा भाग एवढाच: मधे कार्बन, त्याच्या एका हाताला नायट्रोजन, दुसऱ्या हाताला गंधक. दोन्ही बाजूंनी ओढला गेलेला हा कार्बन भुकेला असतो. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीए-१ नावाचं, दारासारखं उघडणारं एक प्रथिन आहे. त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला तो थेट रासायनिक बंधाने जाऊन चिकटतो. दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, मेंदूला निरोप जातो: आग!

मिरचीचं दार वेगळं, टीआरपीव्ही-१. ते 1997 साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मदतीने शोधलं, आणि मोहरीच्या दाराचं कामही तिथे झालं. 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा वाटा होता. कॅप्सेसिन उडून जात नाही, म्हणून ठेचा जिभेवर रेंगाळतो. मोहरीचा रेणू मात्र उडणारा. घशामागून थेट नाकात चढतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि थोड्या वेळात निघूनही जातो. मुळा आणि जपानी वासाबी यांच्या झणक्यामागेही हेच कुटुंब आहे.

ही सगळी तजवीज अर्थातच आपल्या कोशिंबिरीसाठी नाही. पान कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडात हा सुरुंग फुटावा, असा वनस्पतीचा बेत. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने त्यावरही तोड काढली आहे. तिच्या पोटातलं विकर सिनिग्रिनचं सल्फेट आधीच काढून घेतं, मग मायरोसिनेजला छाटायला काही उरत नाही.

आता माझं भरीत. विकर हे प्रथिन, कडकडीत तेलात ते निकामी होतं. तडतडणं म्हणजे दाण्यातल्या थोड्याशा ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटणं. फोडणीत येतो तो भाजल्याचा खमंगपणा. तो हवाच, पण तो झणका नव्हे. दृष्ट काढताना मीठ-मोहरी निखाऱ्यावर तडतडते तीही याच वाफेने. दृष्ट न लागलेल्या माणसावरून उतरवलेली मोहरीही तितकीच तडतडते. करून बघायला हरकत नाही.

आमच्या आजीची रीत अशी होती: मोहरी गार पाण्याच्या शिंतोड्याने फेसायची, पांढरट फेस येईपर्यंत, आणि वाटी दहा मिनिटं झाकून ठेवायची. लिंबू किंवा दही नंतर. आंबटात विकर मंदावतं, म्हणून त्याला आधी काम उरकू द्यायचं. शिवाय एकदा तयार झालेला झणका आंबटात जास्त टिकतो. लोणच्यावर फोडणी गार करूनच ओतायची, हा नियमही मोहरीच्या डाळीच्या पथ्यावर पडतो. नुकतंच झाकण काढलेली वाटी ती माझ्या नाकाखाली धरायची, मी ठसकलो की म्हणायची, "झाली."

उरलेलं भरीत दुसऱ्या दिवशी मऊ, आंबटगोड लागतं. काही रेणू उडून गेलेले असतात, काही दह्यातल्या प्रथिनांना चिकटून बसलेले.