जीभ छाटणारे श्लोक आणि बडोद्याचे ‘निबंध’

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या एका मराठी वाचनालयात परवा जो वाद पेटला, त्याचं निमित्त मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातले तीन श्लोक होते, २७० ते २७२. शूद्राने द्विजाला अपशब्द बोलले तर जीभ छाटावी, नाव-जात घेऊन हिणवलं तर दहा अंगुळांचा तापलेला लोखंडी खिळा तोंडात घालावा, धर्म शिकवायला गेला तर तोंडात नि कानात उकळतं तेल ओतावं. एक गृहस्थ म्हणाले, प्रक्षिप्त आहे, मागाहून घुसडलेलं. दुसरे म्हणाले, त्या काळी जगभर असंच होतं. तिसऱ्या बाईंनी विचारलं, मग पोथीला अजून हळद-कुंकू कशाला? तिन्ही उत्तरं वाचनालयाच्या इमारतीपेक्षा जुनी आहेत.

त्याच अध्यायात चोरीचा दंड उलटा चढतो. शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट, ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहूनही जास्त, कारण त्याला गुणदोष कळतात. पण आणखी चाळीसेक श्लोक पुढे गेलं की इतरांना जिथे देहदंड, तिथे ब्राह्मणाला मुंडन. दोन्ही बाजूंचे लोक आपापलं पान उघडून बसतात आणि चहा येईपर्यंत मिटत नाहीत.

खरा गुंता आहे तो ‘लोकविद्विष्ट’ या शब्दात. शास्त्रात सांगितलेलं असलं, तरी लोकांना ज्याचा तिटकारा आहे ते करू नये, असं दुसरा स्मृतिकार याज्ञवल्क्य (१.१५६) सांगतो. मनूच्या चौथ्या अध्यायातही (४.१७६) ‘लोकविक्रुष्ट’, म्हणजे लोक ज्याविरुद्ध ओरड करतात असा, धर्म टाकून द्यावा असं आहे. परवा हा श्लोक शोधायला वाचनालयाच्या कारकुनाला दोनदा पानं चाळावी लागली. आठव्या अध्यायाची पानं मात्र आपोआप उघडतात. अकराव्या-बाराव्या शतकातल्या मिताक्षरेने, म्हणजे याज्ञवल्क्यावरच्या टीकेने, लोकविद्विष्ट हा शब्द वापरला तो थोरल्या भावाच्या जादा हिश्शावर. वडिलांच्या मिळकतीचा विसावा भाग थोरल्याला अधिक द्यावा हे शास्त्रात आहे, खरं आहे, पण लोकविद्विष्ट असल्याने आता करू नये. म्हणजे वचन खोटं नाही, ऋषी चुकले नाहीत, फक्त आज ते चालवायचं नाही. पण हे ‘लोक’ कोण? ज्यांचं कुरकुरणं वाटणीच्या बैठकीत ऐकू जात होतं ते. धाकट्या भावाला तिथे तोंड होतं. ज्याची जीभ छाटायची, त्याचा तिटकारा या शब्दात कुणी मोजत असेल असं मला वाटत नाही.

पुढे ‘कलिवर्ज्य’ आलं. नियोग (विधवेने दिराकडून मूल होऊ देणं), मरणान्त प्रायश्चित्त, यज्ञातला गोवध हे सगळं पूर्वीच्या युगात ठीक, कलियुगात नको. कायदा रद्द न करता माळ्यावर टाकायची ही युक्ती. आपल्याकडेच झाली असं नाही. यहुद्यांच्या ग्रंथात हट्टी, बंडखोर मुलाला गावाने दगडांनी ठार मारावं असं आहे. त्यांच्या पंडितांनी अटी इतक्या आवळल्या, की शेवटी म्हटलं, असा मुलगा कधी झाला नाही नि होणारही नाही. मग लिहिलं का, तर अभ्यास करा आणि पुण्य मिळवा. अक्षर शाबूत, हात बांधलेले. पण आपल्या कलिवर्ज्याने नवा कठोरपणाही आणला. बोटीने समुद्र ओलांडलेल्या द्विजाला प्रायश्चित्त घेतल्यावरही जातीत घेऊ नये, हे त्याच यादीत आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव १८८७ साली युरोपला निघाले, तेव्हा हे वचन पोथ्यांमध्ये होतंच.

कंपनी सरकारने १७७२ साली ठरवलं की वारसा, लग्न, जात यांबाबत हिंदूंना शास्त्र लावायचं, आणि १७९४ साली मनूचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. फौजदारी भागाचा ब्रिटिश मुलखात शास्त्राशी फारसा संबंध राहिला नाही. १८६२ पासून तिथे दंडसंहिता लागू झाली. त्यामुळे उकळत्या तेलाला कोर्टात काडीची किंमत नव्हती, पण मुलीचं लग्न, विधवा, दत्तक यांच्या श्लोकांना होती. त्यातही गुजरातेत मयूख हा धर्मशास्त्राचा ग्रंथ वरचढ आणि महाराष्ट्रात मिताक्षरा. स्थलांतरित घराणं आपला कायदा बरोबर आणतं, हे तत्त्व धरलं तर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन ग्रंथ नांदायचे!

बडोदे संस्थानात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, आणि तो ‘आज्ञापत्रिके’त छापून येई. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे अनेक स्मृतींची वचनं जुळवून केलेला संग्रह. शब्द तोच, पण आता सही हुजुरांची. राजवाड्यात वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी विधी, सुरू झालं १८९६ साली. १९०४ साली बालविवाहप्रतिबंधाचा निबंध आला: मुलीला बारा, मुलाला सोळा. यावर जे रण माजलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. विरोधकांच्या हातात स्मृतिकार पराशर: लग्नाची मुलगी आठ वर्षांची असेल तर गौरी, नऊची असेल तर रोहिणी, आणि ऋतू आल्यावरही मुलगी घरात दिसली तर आई, बाप आणि थोरला भाऊ नरकात. याच पराशराच्या ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ या श्लोकावर १८५६ चा विधवापुनर्विवाहाचा कायदा उभा राहिला होता. सुधारकांच्या हातात मनू (९.८९): गुणहीनाला देण्यापेक्षा मुलगी ऋतुमती होऊनही मरेपर्यंत घरीच राहिलेली बरी. म्हणजे ज्या मनूला शिव्या घालायच्या त्याचाच आधार, आणि ज्या पराशराने विधवेला सोडवलं त्याचाच फास. निबंधाने दोघांनाही बाजूला ठेवून दंड लावला, सवलतींची दारंही ठेवली. लोक दंड भरत राहिले, लग्नं लावत राहिले. बारा हे वय कमीच होतं, पण ते श्लोकातून आलेलं नव्हतं, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

१९१५ साली पुरोहितांना परीक्षेची सक्ती झाली, १९३१ साली हिंदूंना घटस्फोट मिळाला, १९३३ साली ज्ञातित्रासनिवारणाचा निबंध आला, म्हणजे जातपंचायतीच्या बहिष्काराला लगाम.

या ओळीत १९१७ बसत नाही. त्या वर्षी संस्थानच्याच पैशाने परदेशी शिकून आलेला एक अधिकारी इथे रुजू झाला. शहरात त्याला राहायला जागा मिळेना, टेबलावर फायली लांबून टाकल्या जात. आठव्या अध्यायातला एकही श्लोक कुणी म्हटला नाही, म्हणायची गरजच पडली नाही. दहा वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला त्याच्या सभेत ती पोथी जाळली गेली.

संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. मुंबईचा घटस्फोटाचा कायदा १९४७ चा, देशाचा १९५५ चा. बडोद्याचे निबंध कपाटात गेले. परवाच्या वादात ‘निबंध’ हा शब्द एकदाच ऐकू आला, फळ्यावरची शालेय स्पर्धेची सूचना कुणीतरी मोठ्याने वाचली तेव्हा.