गर्भारपणातील रक्तनिदर्शके

गर्भारपणातील व बाळंतपणानंतरची गुंतागुंत किंवा जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे घटक. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सीआरपी (दाह किंवा संसर्ग झाला की वाढणारे प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांतून बाहेर टाकला जाणारा टाकाऊ पदार्थ) व यकृताची विकरे (एन्झाइम) ही त्यांतली नेहमीची.

रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुधा गर्भारणीची नसते, आणि घोळ तिथेच होतो. पांढऱ्या पेशी या काळात एरवीही वाढतात. १५ हजारांचा आकडा ठळक छापून आला म्हणून संसर्ग झालाच असे नाही. कळा सुरू झाल्यावर तो २५ हजारांपर्यंतही चढतो. ईएसआर (तांबड्या पेशी नळीच्या तळाशी बसण्याचा वेग) तर फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनामुळे वाढलेलाच असतो, त्यामुळे तो करून फारसे हाती लागत नाही. क्रिएटिनिनची फसगत उलटी. मूत्रपिंडांतून जास्त रक्त गाळले जात असल्याने ते ०.४ ते ०.८ मिलिग्रॅमपर्यंत उतरते, १.० हा आकडा कागदावर निर्धोक, गर्भारणीत मात्र काळजीचा.

सीआरपी यकृतात तयार होते. संसर्गानंतर काही तासांत ती चढू लागते, दोनेक दिवसांत कळस गाठते. सिझेरियननंतर संसर्ग नसतानाही ती वाढते, म्हणून एका रिपोर्टवर निदान करू नये. दिवस भरण्याआधी पाणी गेले असेल तर संसर्ग ओळखायला ताप, नाडी आणि पोटाचा दुखरेपणा सीआरपीइतकेच बोलके असतात.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर गेला आणि प्लेटलेट एक लाखाखाली, यकृताची विकरे दुप्पट किंवा क्रिएटिनिन १.१ वर आढळले, तर ती प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून इतर अवयवांना इजा करणारा गर्भारपणातला विकार. यात कधी उजव्या बरगडीखाली दुखते. घरी ते पित्तावर काढले जाते. रक्ताचा नमुना घेतात त्या जांभळ्या टोपणाच्या नळीत कधी प्लेटलेटच्या गुठळ्या होऊन आकडा खोटाच कमी येतो. काचपट्टीवर रक्त पाहिले की उलगडा होतो.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. जत, आटपाडी किंवा पाटणच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन व साखर त्यात कळते. पुढच्या तपासण्यांसाठी सांगली, मिरज, कऱ्हाड किंवा साताऱ्याला जावे लागते. तिथे आधीचे आकडे लागतात. ऊसतोडीला आलेल्या बायकांचे ते बहुधा गावीच राहिलेले असतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असले तर डॉक्टरांना तुलना करता येते.